श्वासाच्या यंत्राची नळी आणि तिचा स्टँड : घेताना काय पाहावे?

झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावर सीपॅप नावाचे यंत्र दिले जाते. यंत्र स्वस्त नाही. साधारण तीस हजारांपासून पुढे लाखाच्या आसपासपर्यंत त्याची किंमत जाते. आपण व्यापारी लोक दोन रुपये मीटरचा फरक असला तरी ताका उलगडून, उजेडात धरून पाहतो. परंतु हे यंत्र घेताना विक्रेता जे देईल ते पिशवीत घालून घरी आणतो. मग काय होते? माझ्या ओळखीत पाच जणांकडे हे यंत्र आहे, त्यांपैकी दोघांनी पहिल्या महिन्यातच ते कपाटावर ठेवून दिले. कारण विचारले तर दोघांचे उत्तर एकच, "नळी ओढते, झोप लागत नाही."

नळी ओढू नये यासाठी पलंगाला लावण्याचा एक साधा स्टँड मिळतो. तो घेतलेला नव्हता, म्हणून साठ-सत्तर हजारांचा माल पडून राहिला. नुकसान केवळ पैशाचे असते तर हा लेख लिहिला नसता. त्या दोघांपैकी एक लूममालक आहेत. यंत्र बंद करून दोन महिने झाल्यावर मुंबई-आग्रा रस्त्याने मोटारसायकलवर येताना भर दुपारी त्यांचा डोळा लागला. समोरून ट्रक नव्हता, हे नशीब. गळ्याजवळचे हाड मोडले आणि दीड महिना घरी बसावे लागले. नंतर त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केले. त्यांच्या पलंगाला स्टँड बसवण्याच्या खटपटीत मी होतो आणि माझे स्वतःचे यंत्र चार वर्षांपासून चालू आहे. तेव्हा जे लिहीत आहे ते तजुर्ब्याने लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. विकाराविषयी डॉक्टरांनाच विचारावे. पण नळी, कापड, सळई आणि स्क्रू या गोष्टी आपल्याला कळतात.

विकार आणि यंत्र

घोरण्याला आमच्याकडे खर्राटे म्हणतात आणि खर्राटे म्हणजे गाढ झोपेची निशाणी असा समज आहे. वस्तुतः प्रकार उलट असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काही जणांचा श्वासमार्ग मिटतो. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक थांबतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, श्वास सुटतो आणि पुन्हा तेच. रात्रीच्या तपासणीत तासाला असे किती प्रसंग आले ते मोजतात. पाचच्या आत असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गंभीर. माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोप त्याला मिळालेलीच नसते. म्हणून तो दिवसा गादीवर बसल्या बसल्या पेंगतो. गिऱ्हाईक समोर बसलेले आणि सेठ डुलक्या घेत आहेत, हा प्रकार बाजारात सर्वांनी पाहिला आहे आणि सर्व जण त्यावर हसलेले आहेत. रक्तदाब आणि हृदयाचे विकारही त्याच्या सोबतीने येतात.

१९८१ पूर्वी गंभीर रोग्याच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाला वाट करून देत असत. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, नाकावाटे हलक्या दाबाने सतत हवा सोडली तर श्वासमार्ग मिटत नाही. आजचे यंत्र याच तत्त्वावर चालते. हवेचा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर इतका असतो. किती ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात. यंत्रापासून नळी निघते, ती तोंडावरच्या मास्कला जोडलेली असते. मास्कला बारीक छिद्रे असतात, त्यांतून उच्छ्वास बाहेर जातो. ही छिद्रे कधीही झाकली जाता कामा नयेत, हे ध्यानात ठेवावे. पुढे स्टँडच्या संदर्भात त्याचा संबंध येणार आहे.

अडचण नळीची कशी होते?

नळी सुमारे सहा फूट लांब असते. जाड नळीचा आतला व्यास १९ मिलिमीटर, बारीक नळीचा १५ मिलिमीटर. वजन फार नाही, परंतु ओढ आहे. मास्क चेहऱ्यावर सिलिकॉनच्या मऊ गादीने टेकलेला असतो. तुम्ही कूस बदलली आणि नळी अंगाखाली किंवा उशीखाली अडकली की मास्क एका बाजूने सुताच्या जाडीइतका उचलला जातो. तेवढ्या फटीतून हवा सुटते. ती डोळ्यांत जाते, शिटी वाजते, घसा कोरडा पडतो. माणूस झोपेतच पट्टे आणखी आवळतो. सकाळी गालावर वळ. तिसऱ्या-चौथ्या रात्री तो वैतागून मास्क काढून फेकतो.

धोट्यातल्या कांडीवरून बाण्याचे सूत सुटताना एका जागी अडले तर पाहणाऱ्याला काही दिसत नाही, पण कापडात दोष येतोच. तसेच हे आहे. नळी कुठेही न अडता, झटका न देता माणसाच्या मानेबरोबर फिरली पाहिजे. स्टँडचे काम एवढेच की, नळीचे ओझे मास्कवर पडू न देता आपल्यावर घ्यायचे आणि तरीही नळीला मोकळे ठेवायचे. यातील दुसरे काम लोक विसरतात. नळी घट्ट आवळून धरणारा स्टँड हा स्टँड नसल्यापेक्षा वाईट, कारण मग प्रत्येक कुशीला मास्कच हलतो.

यंत्र रोज वापरले नाही तर उपयोग नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत यंत्राचा खर्च पुढे चालू ठेवण्यासाठी अशी अट आहे की, पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांच्या काळात निदान ७० टक्के रात्री चार तास तरी यंत्र वापरलेले असावे. आपल्याकडे असा हिशोब विचारणारा कोणी नाही. यंत्र मात्र आपल्यापुरता हिशोब ठेवते. आजच्या बहुतेक यंत्रांत सकाळी किती तास वापर झाला आणि मास्कमधून हवेची गळती किती झाली हे पाहता येते. स्टँड लावण्याआधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस हे आकडे वहीत लिहून ठेवले तर स्टँडने काय फरक पडला ते कळते.

पलंग पाहून स्टँड

बाजारात मिळणाऱ्या स्टँडचा नेहमीचा प्रकार असा आहे. खाली एक चपटी पट्टी, जी गादीच्या खाली सरकवायची. पट्टीच्या टोकाला उभी दांडी, वर-खाली होणारी. दांडीच्या माथ्यावर आडवा हात आणि त्याच्या टोकाला हुक किंवा कडी, ज्यातून नळी जाते. दिसायला सलाइनच्या स्टँडचा लहान भाऊ. आमच्या पोराने पहिल्या दिवशी पाहून विचारलेच, "अब्बा, घरात बाटली चढवणार का?"

हा माल मुख्यतः परदेशी पलंगांचा विचार करून बनवलेला आहे. तिथे गादी जाड, जड आणि स्प्रिंगची असते. तिच्या वजनाखाली पट्टी पक्की बसते. आपल्याकडे काय आहे? कापसाची गादी असेल तर ती मधून खोलगट आणि कडेला हलकी असते, पट्टी तिच्याखाली सरकते आणि दांडी हळूहळू माणसाच्या बाजूला कलते. काथ्याची किंवा फोमची चार इंची गादी असेल तर पट्टी बरी बसते. पण ती किमान फूटभर तरी आत जायला हवी आणि तिच्या खालच्या बाजूला रबर चिकटवलेले हवे, नाहीतर सनमायकावर ती घसरते. विक्रेत्याकडे पट्टी हाताने दाबून धरून दांडी किती हलते ते पाहणे व्यर्थ आहे, कारण तुमचा हात गादीपेक्षा मजबूत असतो. पट्टीवर घरातील गादीइतकेच ओझे ठेवून पाहावे.

बॉक्स पलंगाला आणखी एक घोळ आहे. ज्यात झाकण उचलून आत सामान ठेवतात, त्या पलंगाचे झाकण उचलले की पट्टी-दांडी सर्व बरोबर वर येते. रोज रजया काढायच्या-ठेवायच्या असतील तर ते कटकटीचे होते. अशा पलंगाला डोक्याकडच्या फळीवर आवळण्याचा क्लॅम्पचा स्टँड चांगला. फळीची जाडी मोजून जावे. पाऊण इंच प्लायची फळी असेल तर बहुतेक क्लॅम्प बसतात. नक्षीदार सागवानी फळी दीड-दोन इंच जाड असते आणि वरून गोलाईची असते, तिच्यावर क्लॅम्प घसरतो आणि पॉलिशवर डाग पाडतो तो वेगळा. मधे चामड्याचा किंवा जाड कॅनव्हासचा तुकडा द्यावा.

लोखंडी खाट असेल तर काम सर्वांत सोपे. तिच्या उभ्या पायाच्या नळीवर दुसरी बारीक नळी दोन क्लॅम्पने बांधली की झाले. लाकडी तख्त असेल तर बाजूला दोन स्क्रू मारून दांडीची बैठक कायमची बसवता येते. भाड्याच्या पलंगाला किंवा भाड्याच्या खोलीच्या भिंतीला भोके पाडण्याआधी मालकाला विचारावे, एवढे सांगायला नको.

जे फर्शीवर अंथरूण घालून झोपतात त्यांच्यासाठी कोणी विक्रेता काही ठेवत नाही. त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, जड बैठकीचा सुटा स्टँड. टेबलफॅनच्या जुन्या बैठकीवर मी असा एक बनवलेला पाहिला आहे. तो हलका असेल तर नळीच्या ओढीने डोक्यावर आडवा होईल, म्हणून बैठक जडच हवी. दुसरा, भिंतीत उशीच्या वर एक हुक आणि त्यातून लोंबणारी कापडी पट्टी. खर्च नगण्य आणि काम उत्तम. माळ्यावर झोपणाऱ्यांनी मात्र उंचीकडे नीट लक्ष द्यावे. छप्पर जवळ, पंखा त्याहून जवळ. दांडी किंवा नळीचा वळसा पंख्याच्या पात्यापर्यंत कोणत्याही स्थितीत पोचता कामा नये.

मच्छरदाणीचे काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि पहिल्याच रात्री समोर येतो. यंत्र मच्छरदाणीच्या बाहेर आणि स्टँड आत, असे असावे. नळी मच्छरदाणीच्या खालच्या कडेने, गादीखाली खोचलेल्या भागातून आत घेतली तर ती गादीच्या कडेवर चेपते. त्यापेक्षा बाजूच्या कापडात गादीच्या वर वीतभर उंचीवर एक बाही शिवावी, कुर्त्याच्या बाहीसारखी, टोकाला इलास्टिक. नळी त्यातून आत जाते आणि मच्छर बाहेर राहतात. कुठलाही टेलर दहा मिनिटांत हे करून देईल.

उंची, बाजू आणि मास्कचा प्रकार

स्टँड विकत घेण्याआधी घरी एक प्रयोग करावा. मास्क लावून, यंत्र चालू करून नेहमीच्या उशीवर झोपावे. घरातील कोणाला तरी नळी बोटांवर अलगद झेलून धरायला सांगावे. आता डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पाठीवर या. ज्या उंचीवर आणि ज्या जागी हात धरला असता तिन्ही स्थितींत मास्क जागचा हलत नाही, ती जागा तुमच्या हुकाची. गादीपासून तिथपर्यंत टेपने मोजून घ्यावे. माझ्या बाबतीत ही उंची २४ इंच निघाली, माझ्या लूममालक मित्राच्या बाबतीत १९, कारण ते एकाच कुशीवर झोपतात. मला हा प्रयोग कोणी सांगितला नव्हता. मी पहिला स्टँड तसाच उचलून आणला, त्याची दांडी १५ इंचांवर संपत होती आणि नळी माझ्या नाकावर लोंबत होती. विक्रेत्याने परत घेतला नाही.

मास्कचा प्रकार इथे फार महत्त्वाचा. ज्या मास्कला नळी नाकासमोर जोडते, त्याला हुक छातीच्या किंचित वरच्या बाजूला, चेहऱ्याच्या पुढे आलेला चांगला. अलीकडे असेही मास्क आले आहेत की, ज्यांत नळी टाळूवर जोडते आणि हवा गालांवरून पोकळ पट्ट्यांतून खाली येते. अशा मास्कला हुक डोक्याच्या मागे, फळीच्या मध्यावर हवा आणि उंचीही कमी लागते. पुढे-मागे सरकणारा आडवा हात असलेला स्टँड घेतला तर उद्या मास्क बदलला तरी तोच चालेल. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी असाच घ्यावा.

बाजू कोणती? यंत्र ज्या बाजूला ठेवाल, स्टँड त्याच बाजूला. आणि ती बाजू पलंगावरून उतरण्याची नसावी. रात्री लघवीला उठताना, किंवा रमजानमध्ये सहरीच्या घाईत अर्धवट झोपेत उतरताना, दांडीला धडकणे किंवा नळीत हात अडकणे ठरलेले. यंत्र गादीच्या पातळीपेक्षा थोडे खाली, लहान स्टुलावर असावे. त्यात पाण्याची पेटी असते. यंत्र डोक्यापेक्षा उंच ठेवले तर पाणी नळीतून मास्कमध्ये उतरू शकते. फर्शीवरही ठेवू नये, धूळ ओढते. ज्यांच्या घरात खालीच लूम आहेत त्यांनी तर हवेच्या जाळीवर साठणारी रुई वरचेवर पाहावी. पडदा किंवा चादर त्या जाळीवर येता कामा नये.

हुक, सांधा आणि स्क्रू

स्टँडमध्ये बिघडणारी जागा दांडी नव्हे, सांधा. प्लॅस्टिकच्या सांध्यात लोखंडी स्क्रू असेल तर दोन-तीन महिन्यांत आटे बोथट होतात आणि हात खाली मान टाकतो. पितळी किंवा लोखंडी सांधा घ्यावा, हाताने फिरवता येणारा नट असावा. टेबललॅम्पसारखी वाकणारी मान असलेले स्टँड दिसायला झकास असतात, पण नळीचा भार घेऊन रात्रभर ते एका जागी राहत नाहीत. सकाळी पाहावे तर झुकलेले. दांडी सरळ आणि टणक असावी, तिच्या माथ्यावरचा हात मात्र मोकळा फिरणारा असावा. तुम्ही कूस बदलली की हाताने तुमच्यामागे यावे.

हुकाविषयी माझे मत पक्के आहे. बंद कडी घेऊ नये. वीज गेली की यंत्र बंद पडते आणि अंधारात मास्क-नळी बाजूला करावी लागते, त्या वेळी नळी एका हाताने सुटली पाहिजे. वरून उघडा, रुंद, गोलाईचा हुक चांगला. वेल्क्रोची सैल पट्टीही चालते. स्प्रिंगची चिमटी अजिबात नको. नळीची भिंत पातळ असते, तिच्यातला वेटोळ्याचा कणा चिमटीने दबतो, हवेचा मार्ग अरुंद होतो आणि काही दिवसांनी त्याच जागी चीर पडते. तारेचा उघडा हुक असेल तर त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा. नळीला चीर गेली की नाही हे पाहण्यासाठी यंत्र चालू असताना ओला हात नळीवरून सावकाश फिरवावा, थंड फुंकर लगेच कळते.

ज्यांची नळी गरम होणारी आहे, म्हणजे आत बारीक तारा आहेत, त्यांनी हुक नळीच्या मध्यावर ठेवावा, यंत्राकडच्या विजेच्या जोडाजवळ नाही. ती नळी दुमडूनही ठेवू नये. हुक मास्कच्या इतका जवळही नको की, वेल्क्रोची पट्टी घसरत येऊन वर सांगितलेली उच्छ्वासाची छिद्रे झाकेल. आणि स्टँड लावूनही नळी अपुरी वाटली तर दोन नळ्या जोडू नयेत. लांबी आणि जाडी बदलली की दाबावर परिणाम होतो. काही यंत्रांत नळीचा प्रकार निवडावा लागतो. हे काम यंत्र देणाऱ्याला विचारून करावे.

नळीचे आवरण

आता माझ्या धंद्यातील गोष्ट. थंडीत, एअर कंडिशनरच्या खोलीत, किंवा कूलरचा झोत थेट नळीवर येत असेल तर नळीतील दमट हवा गार पडून आत पाणी जमते. ते गुडगुडते आणि स्टँडच्या माथ्यापासून मास्कच्या बाजूला उतरून थेट नाकावर शिंतडते. मालेगावात डिसेंबर-जानेवारीत हे हमखास होते. त्यावर नळीला कापडी आवरण घालतात. पाण्याच्या पेटीची मात्रा थोडी कमी करणे हा दुसरा उपाय आहे, तो डॉक्टरांच्या किंवा तंत्रज्ञाच्या सल्ल्याने करावा.

तयार आवरणे बहुधा फ्लीसची असतात. फ्लीस ऊब धरते पण हुकावर अडकते, सरकत नाही. मखमली कापडाचेही तेच. मी होजिअरीचे सुती कापड दुहेरी करून वापरतो. ते ताणले जाते, धुतले जाते आणि हुकावरून सहज सरकते. पॉपलिन किंवा टेरीकॉट नको, त्याला ताण नाही, नळीच्या वळणाला ते चुणते. माप असे. जाड नळी बाहेरून सुमारे एक इंच, म्हणजे घेर सव्वातीन इंच. शिलाई आणि सैलपणा धरून साडेचार इंच रुंद पट्टी कापावी. लांबी नळीपेक्षा तीन-चार इंच कमी, म्हणजे दोन्ही टोकांचे जोड उघडे राहतात. शिलाई आतल्या बाजूला, धाग्याची टोके कापलेली. चेन लावू नये, तिचा दात हुकावर खरखरतो. सरळ बाही शिवून नळीवर सरकवावी.

एक गोष्ट कापडवाल्यालाच कळेल अशी. कोरे कापड न धुता वापरू नये. कोऱ्या कापडाला साइझिंगची खळ असते आणि सुटा रुवाँ असतो, आणि हे कापड रात्रभर तुमच्या नाकापासून हातभर अंतरावर राहणार आहे. दोनदा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून मगच घालावे. गडद रंगाच्या कच्च्या मालापासूनही दूर राहावे. दमट नळीवर रंग उतरतो आणि उशीच्या खोळीवर लागतो. हे माझ्या घरी घडले आहे आणि त्यावर पत्नीचे बोलणे आठ दिवस पुरले.

कारागिरांसाठी

माझा सध्याचा स्टँड आमच्याच गल्लीतील वेल्डिंगवाल्याने केलेला आहे. एक फूट लांब, चार इंच रुंद लोखंडी पट्टी, तिच्यावर उभी पोकळ नळी, तिच्यात सरकणारी दुसरी बारीक नळी आणि मधे हाताने आवळायचा नट. माथ्यावर फिरता हात. पट्टीच्या चारही कडा घासून गोल केलेल्या, नाहीतर गादीची खोळ फाटते. वरून पावडर कोटिंग. मजुरीसह ६५० रुपये लागले. तयार परदेशी माल याच्या कितीतरी पट किमतीला आहे. त्या वेल्डिंगवाल्याने नंतर आणखी तीन केले, तिघांच्या पलंगांची मापे निराळी होती आणि तयार मालाला हेच जमत नाही. ज्या शहरात झोपेची तपासणी होते तिथे दर महिन्याला काही माणसे नवे यंत्र घेऊन घरी जातात. वेल्डर, सुतार आणि टेलर या तिघांनी मिळून हे काम करण्यासारखे आहे. गिऱ्हाइकाला पलंग कसला, गादी किती जाड, मास्कची नळी नाकाशी जोडते की टाळूवर, झोपतो कोणत्या कुशीवर आणि मच्छरदाणी आहे का, एवढे विचारून घ्यावे आणि शक्य तर घरी जाऊन माप घ्यावे. मात्र कारागिराने आपला हात स्टँड आणि आवरण यांपुरताच ठेवावा. यंत्र, मास्क किंवा नळी कापणे, भोक पाडणे, चिकटवणे यांपैकी काहीही गिऱ्हाइकाने सांगितले तरी करू नये. तो इलाजाचा भाग आहे आणि यंत्राची वॉरंटीही त्याने जाते.

स्टँड बसवल्यावर पंधरा दिवसांनी सकाळी आरशात चेहरा पाहावा. एकाच गालावर वळ उमटत असेल तर नळी विरुद्ध बाजूला ओढते आहे, हुक दोन-तीन इंच त्या वळाच्या दिशेला आणावा. नाकाच्या वर, कपाळाच्या खाली वळ असेल तर हुक बहुधा फार उंच आहे. वळ नसेल पण गळतीचा आकडा वाढलेला असेल तर दोष स्टँडमध्ये शोधू नये, मास्कची गादी जुनी झाली असेल. महिन्यातून एकदा नट आवळावेत आणि पट्टीखालचे रबर पाहावे, ते आमच्याकडच्या उन्हाळ्यात कडक होऊन सुटते.